चौदावं गाणं

चाहत्यांच्या अल्बमसाठी मी लाडक्या गीतकाराने नुसत्या गिटारवर गायलेली तेरा दुर्मीळ गाणी वर्षभर खपून जमवली. चौदावं थेट त्याच्या थोरल्या बहिणीकडून आलं, कॅसेटवर. मी तर हवेतच! पण गाणं संपल्यावर तो म्हणतो, "ताई, हे पुसून टाक. कुणाला ऐकवू नकोस." मी माझ्या प्रतीतून गुपचूप तेवढं वाक्य कापलं आणि त्या बहिणीला, म्हणजे मावशींना, ऐकवायला गेले. त्यांनी चष्मा काढून ऐकलं. "शेवट कुठे गेला गं?" "खरखर होती, मावशी." "गप, थापाडे." त्या रागावल्या नाहीत, तेच लागलं. "तो गेल्यापासून मीही त्या वाक्याआधीच बटण दाबते. वाटलं, तू तरी त्याचं ऐकशील." मी ते गाणं अल्बममधून काढलं आणि कॅसेट पुढे केली. त्या घेईनात. "पुसायला माझा हात धजत नाही," म्हणत त्यांनी कॅसेटवर माझी मूठ मिटली.