आधी काय, नंतर काय

"तुझी बायको येते आणि बाबा आडवे होतात. संख्याशास्त्र शिकवतोस ना? मग एवढं दिसत नाही तुला?"

ताईने आवाज खाली आणला, पण शब्दांची धार तशीच होती. दोघं बहीणभाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते. आत बाबांना सलाईन लावलं होतं. उशाशी बसून आई त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होती. अलीकडे हे वरचेवर होऊ लागलं होतं. दरवेळी उलट्या, दरवेळी घरात सून आलेली, आणि दरवेळी डॉक्टर 'पोटाचा विकार' म्हणून मोकळे.

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, जीभ आवर. दोन गोष्टी बरोबरीने घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. आग लागते तिथे बंब दिसतो. बंबानेच आग लावली म्हणशील?"

"म्हणजे?"

"तू उलटं धरतेयस. ती येते म्हणून बाबा आजारी पडत नाहीत, ते आजारी पडतात म्हणून ती येते. आईच फोन करून बोलावते तिला. आधी काय, नंतर काय, एवढं बघ ना!"

ताई डोळे टिपत म्हणाली, "चुकलंच माझं."

पण बोलणं बायकोच्या कानांवर गेलंच. "त्या घराची पायरी चढणार नाही मी आता!" ती रडत म्हणाली.

"असं करू नकोस गं. आई एकटी पडते. तुझाच तर आधार वाटतो तिला."

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर ती कबूल झाली.

बाबा घरी आले, हिंडूफिरू लागले. एका दुपारी कॉलेजातून परतताना प्राध्यापक बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात डोकावले. दुकान खाली, आईबाबांचं घर वर.

"ये, बस!" बाबा खुशीत होते. "तुझी आई आत्ताच चहा ठेवून वर गेली. जरा आधी आला असतास तर तुलाही मिळाला असता."

"पोट काय म्हणतंय?"

"ठणठणीत! दगड पचवीन." हसत हसत बाबांनी कप रिकामा केला.

तेवढ्यात प्राध्यापकांचा फोन वाजला. बायको होती. धापा टाकत होती.

"अहो, मी निघालेय, तुम्हीही लगेच या. आत्ताच आईंचा फोन आला. बाबांना पुन्हा उलट्या सुरू झाल्यात."