डावी बाही

ही चोळीही आतून परत आली.

गंगम्मानं ती मशीनवर नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली. "हात खांद्यातच अडकतोय पोरीचा. जरा ओढलं की कातडी चिरतीया."

वीरप्पा शिंप्यानं चोळी उलटसुलट करून पाहिली. परंड्याच्या पेठेत त्याच्या बेतण्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण सून शिवकांता हिच्या उजव्या खांद्यावर थंडीत आधण सांडलं, आणि जखम भरली ती आवळूनच. तेव्हापासून ती पदर लपेटून आतल्या खोलीत बसायची. माहेरून भावाच्या लग्नाचं बोलावणं आलं, तर सासूला म्हणाली, "चोळीवाचून मांडवात कशी उभी ऱ्हाऊ? न्हाय येत म्हणून सांगा."

सुनेचं माप सासऱ्यानं घ्यायची रीत नव्हती. गंगम्मा दोरीला गाठी मारून आणायची, वीरप्पा त्यावरून कापायचा.

"गाठी चुकत असतील माझ्या," ती म्हणाली.

"गाठी बरोबर हायत. कापायचा फर्मा दोन सारख्या खांद्यांचा हाय. आणि खण काय ताणत न्हाय."

दुपारी आंघोळीला जाताना त्यानं अंगातला गंजीफ्राक डोक्यावरून ओढला. तो कोपराला अडकला, ताणला, सुटला आणि पुन्हा होता तसा झाला. वीरप्पा तसाच उघडा उभा राहिला. मग ओलं न होताच परत फिरला आणि पेटीतून दोन कोरे गंजीफ्राक काढले. मुलानं सोलापुराहून आणले होते. लढाई संपली तरी कापड अजून कंट्रोलवरच होतं.

"अवं, तुमी काय घालणार?"

"उघडा बसंन."

त्यानं चोळीचा जुना कागदी फर्मा अंथरला. ताणणाऱ्या कापडाला छातीवरच्या चुण्यांचे चिमटे नकोत, म्हणून ते मिटवले. अंगात कापड थोडं आखूडच धरलं. बाही जोडायचा उजवा मुंढा मात्र खाली उतरवला, बाही रुंद केली, आणि पुढून उघडी ठेवून बंद लावले. म्हणजे डोक्यावरून घालायला नको. मशीनवर शिवून पाहिली. जरा ओढली तर दोरा तटकन तुटला. वीरप्पानं सगळं उसवलं आणि हातानं तिरके टाके घालायला बसला. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली, खांद्याला टोचायला नको म्हणून.

पांढरी चोळी सवाष्णीला कशी चालेल? गंगम्मानं तुरटी टाकून पळसाची फुलं उकळली. वाळल्यावर चोळी केशरी झाली.

ती चोळी घेऊन गंगम्मा आत गेली. दार लोटलं. वीरप्पा मशीनला तेल घालत बसला. सकाळीच घातलं होतं.

"वर कर. आणिक जरा. दुखतंय का गं?"

आतून नुसती बांगड्यांची किणकिण येत राहिली. हीपण बसत नाही बहुतेक, असं वाटून वीरप्पानं तेलाची कुपी खाली ठेवली.

दार उघडलं. शिवकांता उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं उजव्या हातानं धरला होता. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याशी ती कधी थेट बोलली नव्हती. काय हवं नको ते सासूकडून यायचं.

"मामंजी," ती म्हणाली, "डावी बाही ढिली झालीया. मांडवात चांगली दिसायची न्हाय. जरा आत घ्याल का?"

वीरप्पानं मान वर केली नाही.

"गिऱ्हाईक लई चिकित्सक हाय," तो गंगम्माला म्हणाला, आणि सुईत दोरा ओवायला लागला. दोरा काही केल्या ओवला जाईना.