एका माणसापुरती वीज

वीज जाणं परभणीकर केव्हाच विसरले होते. कोणत्या घराला उद्या किती वीज लागेल, हे ग्रिडला आदल्या दिवशीच कळायचं. कोणी गावाला निघालं, तर तिकिटावरूनसुद्धा.

संध्याकाळी दिवाकररावांच्या फोनवर रोजचा अंदाज आला: उद्यापासून एका माणसापुरती वीज.

"यंत्राचं डोकं फिरलंय," म्हणत ते स्वयंपाकघरात गेले. शालनताई भाकरी थापत राहिल्या. बायको सकाळपासून आपल्याशी बोललेलीच नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. ते खाली बसले.

"परवा पाहुण्यांसमोर तुला तसं बोलायला नको होतं मी."

शालनताईंनी हात धुतले, आपला फोन घेतला, काहीतरी बदललं आणि पुन्हा परातीकडे वळल्या.

दिवाकररावांचा फोन वाजला. सुधारित अंदाज: दोन माणसांपुरती वीज, रविवारपर्यंत.