आईचा रकाना

अनाथाश्रमाचा कारकून तीस वर्षं एक खोटं अगदी इमानेइतबारे लिहीत आला. मूल सोडून जाणाऱ्या प्रत्येक आईच्या नावापुढे तो ‘मयत’ लिहायचा. पोरांना मोठेपणी आपण टाकलेले आहोत असं वाटू नये, एवढाच त्याचा भाबडा हेतू.

एकदा आश्रमातच वाढलेली एक तरुणी आली. डीएनए तपासणीत तिला सख्खी बहीण सापडली होती, आता जुनी नोंद ताडून बघायची होती.

“ताई म्हणते, आई मागच्याच वर्षी गेली. शेवटपर्यंत माझी वाट बघत होती.”

कारकुनाने जुनं रजिस्टर काढून तिच्यापुढे उघडलं. “मग आधी का नाही गं शोधलंस तिला?”

त्याच्याच अक्षरातल्या ‘मयत’वर बोट ठेवून ती म्हणाली,

“मेलेल्या माणसाला कोण शोधतं, काका?”