शेवटचं कोण?

"शेवटचं कोण?" एवढंच विचारायचं होतं. पण तेवढंच ओतिलियाच्या तोंडातून फुटेना.

कांदेलारिया गावातल्या एवारिस्तोच्या दुकानापुढे रांग कधी डोळ्यांना दिसत नाही. बायका सावली बघून कुठेही टेकतात. नवीन आलेलीनं विचारायचं, शेवटचं कोण? जी शेवटची असेल तिनं हात वर करून म्हणायचं, मी. झालं, तिच्यामागे आपला नंबर लागला. न विचारता दिवसभर ताटकळलात तरी तुम्ही रांगेत नाही. आणि आज शेवटची होती फ्लोरा.

दीड वर्ष झालं, दोघींत शब्द नव्हता. फ्लोरा बोलत नव्हती, आणि आपण कोणत्या तोंडानं बोलावं हे ओतिलियाला कळत नव्हतं. घरं भिंतीला भिंत लागून. पोरं एकाच चेंडूमागे धावत वाढलेली. मग ओतिलियाचा रोलान्दो अमेरिकेत, मायामीला पळाला, आणि पुढच्या एप्रिलात अमेरिकेच्या बोटीतून, अमेरिकेची बंदूक घेऊन आपल्याच किनाऱ्यावर चाल करून आला. ती स्वारी दोन-तीन दिवसांत फसली आणि तो कैदेत गेला. फ्लोराचा विल्फ्रेदो त्याच किनाऱ्यावर त्यांना अडवायला गेला होता. तो पेटीतून घरी आला.

उद्या तुरुंगात भेटीचा दिवस होता. आत फक्त कोरडा खाऊ नेऊ देत, आणि कोरडं म्हणजे सध्या गावात एकच वस्तू होती, एवारिस्तोकडची खारी बिस्किटं. उद्यानंतर भेट होईल की नाही, देव जाणे. गावाबाहेरच्या रानात रशियनांनी ताडाच्या झावळ्यांखाली अण्वस्त्रं झाकून ठेवलीत, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. समुद्रात अमेरिकेची जहाजं आडवी उभी होती. रेडिओ म्हणत होता, कुठल्याही क्षणी सुरू होईल. पोराला कदाचित शेवटचं बघायचं, आणि तेही रिकाम्या हातानं?

मध्ये कुणीतरी तिसरं यावं, एवढीच तिची आशा. त्यानं फ्लोराला विचारावं, आपण त्याला विचारू, म्हणजे दोघींचीही अब्रू राहील. म्हातारा सिक्स्तो येताना दिसला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पण त्याला कुठे काय घ्यायचं होतं? तो आला होता चकाट्या पिटायला.

"रशियावाला म्हणतो तू आधी हट, अमेरिकावाला म्हणतो तू आधी," पायरीवर बूड टेकत तो म्हणाला. "आधी तोंड कुणी उघडायचं, यावर अडलंय बघा सगळं. आणि जीव जाणार आपला." मग त्यानं एकदा फ्लोराकडे पाहिलं, एकदा ओतिलियाकडे, आणि मेला गालातल्या गालात हसला.

फ्लोराच्या पुढच्या बायका एकेक करून आटपल्या. दुकानात फळ्या रिकाम्या होत चालल्या होत्या.

तेवढ्यात विमान आलं. अमेरिकेचं, फोटो काढणारं, आणि इतकं खालून की छपराची कौलं थडथडली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं, आणि बहुधा म्हणूनच ओतिलियाची जीभ सुटली. फ्लोराच्या पाठीकडे बघत ती ओरडली, "शेवटचं कोण?"

विमान गेलं. फ्लोरा वळली नाही, तिचा हातही वर झाला नाही. ऐकूच गेलं नसणार, ओतिलियाला वाटलं, आणि तिला एकाच वेळी हायसंही वाटलं आणि रडूही आलं. पुन्हा विचारायचं बळ काही तिच्यात उरलं नाही.

आत एवारिस्तोनं बंदूक खांद्याला अडकवली. "आटपा मावशी, मला खंदकात हजेरी द्यायचीय." त्यानं फ्लोरापुढे एक थैली ठेवली. "बिस्किटं एवढीच उरलीत. घेऊन टाका सगळी. तुम्हीच शेवटच्या, आता दार ओढून घेतो."

ओतिलियानं पदरी काही पडणार नाही हे ओळखलं आणि ती घरच्या वाटेला वळली.

"मी शेवटची नाही," फ्लोरा म्हणाली.

एवारिस्तोनं दारातून डोकावून पाहिलं. पाठमोरी ओतिलिया आणि पायरीवरचा म्हातारा, दुसरं कुणी नव्हतं. "मग कोण आहे तुमच्यामागे?"

"रोलान्दोची आई."

दीड वर्षात ते नाव फ्लोराच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. एवारिस्तो आपला तिच्याकडे बघतच राहिला. सिक्स्तोनं हळूच टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बघतोस काय? अर्धी मला दे, अर्धी तिला," फ्लोरा म्हणाली. "नाही, थांब. तिला जास्त घाल. तिला उद्या लांब जायचंय."

ओतिलिया परत कशी आली, थैली दोन्ही हातांत कशी धरली, तिचं तिला कळलं नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता. "फ्लोरा," ती कशीबशी म्हणाली, "मला वाटलं, तुला ऐकूच गेलं नाही."

"गेलं होतं," फ्लोरा म्हणाली. "उत्तर द्यायला वेळ लागला."