सातवी पायरी

दोन ताटं वाढून झाली तरी स्वरूपानं चिठ्ठी उघडली नव्हती. वहीच्या पानाची चार घड्यांची ती चिठ्ठी दोन ताटांच्या मधोमध पडली होती. समोर उभ्या तिच्या आईची, राजेश्वरीची, नजर चिठ्ठीवरून हलत नव्हती.

चिठ्ठीत सातवी पायरी होती. लेक एकोणीस वर्षांची आणि वजन छत्तीस किलो. महिनाअखेरीला ते पस्तिसाच्या खाली गेलं तर हिला पुण्याला दवाखान्यात ठेवावं लागेल आणि पुढचं मी काही सांगू शकत नाही, असं बारामतीच्या स्वरदा मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं. मॅडम मनाच्या डॉक्टर. त्यांची रीत निराळी. ज्याची भीती वाटते त्याच्याच समोर जाऊन बसायचं, आधी लहान भीती, मग मोठी. "भीती चढत जाते, पण बसून राहिलं की आपोआप उतरते. फक्त उठून जायचं नाही," असं त्या म्हणायच्या.

पहिली पायरी अर्ध्या भाकरीची होती. मग तूप लावलेली अख्खी भाकरी. मग कॉलेजच्या कँटीनमध्ये मैत्रिणींसमोर वडापाव. सहाव्या पायरीला तर पोरीनं आत्याच्या घरी पुरणपोळी खाल्ली आणि अर्धा तास थरथरत का होईना, पाटावर बसून राहिली. सातवी मात्र तिनं घरात कुणाला कळू दिली नव्हती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ही घरीच करायची आहे. दोन ताटं वाढा. हिला याच्याइतकी भीती दुसऱ्या कशाचीच वाटत नाही."

तेव्हापासून राजेश्वरीला एकच प्रश्न पडला होता. पोरीनं एवढं भ्यावं असं या घरात आहे तरी काय? खूप विचार केल्यावर तिला नवराच आठवला. रणजितरावांचा आवाज चढा, जेवताना तर फारच. दुसरं ताट त्यांचंच, असं धरून ती चालली होती.

तिचा स्वतःचा कुणाला धाक वाटावा असं काही नव्हतंच. उलट काटेवाडीत तिचं नाव निघायचं ते कौतुकानं. सगळ्यांची जेवणं उरकल्याशिवाय ही बाई पाण्याचा घोटही घ्यायची नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एक उपास चुकवायची नाही. सासूबाई द्वारकाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "चोवीस वर्सं झाली, लग्नातला ब्लाऊज आजून बसतोय हिला." सगळ्यांच्या मागून ती एकटीच स्वयंपाकघरात जेवायची. दारातलं कुत्रं मात्र हल्ली अंगानं फार सुटलं होतं.

ते कुत्रं आत्ताही मागच्या दाराशी येऊन बसलं. दुपारची ही त्याची वेळच होती.

"तुझ्या बाबांना हाक मारते," म्हणत राजेश्वरी दाराकडं वळली.

"ते न्हाईत घरात. आजीला घेऊन मीच त्यांना इंदापूरला पाठवलंय," स्वरूपा म्हणाली. "तू बस, आई."

"मी? मला गुरुवार हाय."

"आज मंगळवार हाय."

"दूध ठिवलंय गं गॅसवर, उतू जाईल."

"गॅस मी बंद केलाय."

राजेश्वरी बसली. ताटातल्या भाकरीकडं तिला बघवेना. ही भीती तिच्या ओळखीची होती, लग्नाच्याही आधीपासूनची. आजवर अशा वेळी तिला उठायला काही ना काही काम सापडत आलं होतं.

स्वरूपा उठली आणि तिनं मागचं दार लावून घेतलं. बाहेर कुत्रं एकदा कुईं करून गप्प झालं. मग समोर बसून तिनं चिठ्ठीच्या घड्या उलगडल्या आणि ती आईपुढं सरकवली.

चिठ्ठीत लिहिलं होतं: "आईला माझ्यासमोर जेवायला बसवणं. तिला जेवताना मी अजून एकदाही बघितलेलं नाही."