न चिकटवलेलं विमान

"चाकू इथेच ठेवावा लागेल," देखरेखीला बसलेल्या बाई म्हणाल्या. "आणि तो गमसुद्धा. बंद खोलीत वास डोक्यात जातो."

"मॅडम, गमाशिवाय जोडू कसं? विमान आहे हो ते."

"नियम आहे. माझ्या हातात नाही."

बाबाने चाकू आणि गमची बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. खोका मात्र काखेत घट्ट धरला आणि तो आत गेला. बाईही मागोमाग येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. कोर्टाने भेटीसाठी नेमून दिलेली ती खोली होती. एक बुटकं टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात एका डोळ्याचं अस्वल. ठमी आधीच येऊन बसली होती, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून. ही शेवटची भेट. परवा तिची आई तिला घेऊन दुसऱ्या देशात कायमची राहायला जाणार होती आणि कोर्टाने तशी परवानगी दिली होती.

"काय आणलंय बघ."

ठमीने खोक्यावरच्या चित्राकडे पाहिलं. ढग फाडून वर निघालेलं दोन इंजिनांचं लढाऊ विमान. तिचे डोळे मोठे झाले. "हे आलं?"

"कालच दुकानात आलं. पहिला खोका मी उचलला. दुकानदार म्हणाला, नीट केलंत तर सहा महिने पुरेल."

"पण आपल्याकडे सहा महिने कुठे आहेत?"

बाबाने झाकण उघडलं. राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी एकावर एक रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीला बारीक बारीक भाग लटकलेले. तो घाईघाईने हातानेच पिळून ते तोडायला लागला. आज पूर्ण करायचं. कसंही करून आजच. पंख, शेपूट, नाक, त्याने सगळ्याचा टेबलावर ढीग घातला. शेपटीचा उभा भाग काडकन मोडला.

"बाबा! ओढतोयस काय तू? असं नसतं तोडायचं."

"हो. हो, चुकलं."

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठल्या. पर्स उघडून त्यांनी नेलकटर काढलं आणि ठमीसमोर ठेवलं. वर बाहेरच्या आपल्या टेबलावरची चिकटपट्टीही आणून दिली.

मग ठमीने कारभार हातात घेतला. जॅकेटची चेन खाली आली. ती जीभ बाहेर काढून एकेक भाग कापत होती आणि बाबा तिने सांगितलं तिथे तो धरत होता. पोटाचे दोन अर्धे भाग जुळवून त्याने पट्टी गुंडाळली. पंखांना तर चार-चार वेढे दिले.

"वैमानिकाचं डोकं वेगळंच आहे," ठमी म्हणाली. "धड इथे आणि डोकं भलत्याच चौकटीत."

"म्हणजे माझ्यावर गेलाय."

ठमी खुदकन हसली. बाबाने मान खाली घातली आणि उगाचच सूचनांचा कागद उलटा करून पाहत राहिला.

"वेळ झाली," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"पाच मिनिटं, मॅडम. चाकं तेवढी राहिलीत."

"बाहेर पुढचं कुटुंब ताटकळलंय."

"मॅडम, तुमचं रोज कोर्टात जाणं-येणं असतं. कुणाला तरी सांगा ना. इथे शाळा आहे हो तिची. मैत्रिणी आहेत. मी घर बदलतो, काम बदलतो, काय म्हणाल ते करतो. तुम्ही नुसता शब्द टाका. एकदा टाकून तर बघा."

"माझं कोण ऐकणार, साहेब? मी फक्त इथे बसते."

"मग मी कुणाला सांगू? सांगा ना, कुणाला सांगू मी?"

"बाबा, हात," ठमी म्हणाली.

त्याने पाहिलं. तिचं मनगट त्याच्या मुठीत होतं. ते कधी धरलं, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. त्याने मूठ सोडली. मनगटावर त्याच्या बोटांचे पांढरे ठसे उठले होते, आणि त्याच्या देखतच ते लाल झाले.

"दुखलं?"

"नाही."

तिने विमान दोन्ही तळहातांवर उचलून घेतलं. "खोक्यात ठेव ना, बाळ," बाई म्हणाल्या. ठमीने नाही म्हणून मान हलवली. ती निघून जाईपर्यंत बाबाला दाराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तो चौकटीला धरून उभा राहिला.

कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ठमीची आई उभी होती. "चल गं पटकन, टॅक्सी थांबलीय!"

"पटकन नाही येता येत," ठमी म्हणाली. "चिकटवलेलं नाहीये. पंख पडतील."

ती एक पाऊल चालली. थांबली. डावा पंख पाहिला, उजवा पाहिला. मग दुसरं पाऊल टाकलं. आई पुढे यायला निघाली होती, ती मध्येच थबकली. पुढचं कुटुंब बाकावरून उठलं होतं, त्यांना बाईंनी हातानेच बसायला सांगितलं.

पंखांना चिकटपट्टीचे चार-चार वेढे होते. विमान आपटलं असतं तरी ते निघाले नसते.

ठमीने आणखी एक पाऊल टाकलं, आणि थांबली.